खिळे

आमच्या गावात खिळे व्हायचे,
ओहायो नदीच्या काठावर, रात्रंदिवस,
एका यंत्रातून मिनिटाला तीनशे.
खिळे मीही जुळवायचे, पण शिशाचे,
‘रिव्हर क्लॅरियन’च्या तळघरात, उभ्याने,
उलटं वाचत.

काझिमिर व्रुब्लेव्स्की शनिवारपर्यंत यंत्रावर,
रविवारी क्वार्टरबॅक.
सामन्याचे पस्तीस डॉलर, पाऊस आला तर वीस,
वर टोपी फिरवून जमेल त्यात अकरा वाटेकरी.

आजच्या पोरांना वाटतं क्वार्टरबॅक म्हणजे फेकणारा.
आमच्याकडे तसं नव्हतं.
तो आकडे ओरडायचा, मग वाकून
समोरच्या दोनशे पौंडांच्या अंगाखाली जायचा,
आणि त्याच्या पाठीला पाठ घासत पलीकडे निसटायचा
हाफबॅक स्टिकनी, कॉलेजात शिकलेला, मधोमध भांग.
मांडवाचं दार धरून उभा राहिलेल्याचं नाव
लग्नाच्या बातमीत येत नाही.

आणि नाव तरी कसलं!
दोन डब्ल्यू.
मोठ्या टायपाच्या पेटीत माझ्याकडे डब्ल्यू एकच,
दुसरा तेराच्या पुरात वाहून गेलेला.
संपादक म्हणाले, छाट.
म्हणून तो कधी रॉब, कधी रोबल, एकदा रोब्लेस,
आणि एका रविवारी नुसताच ‘इतर’.
सात हंगाम, अकरा नावं,
सगळी माझ्या हातची.

पंचवीस सालचा नोव्हेंबर.
तिकिटाचे पैसे वाचवून मी टेकडीवर.
चिखल असा, की कोण आपला नि कोण त्यांचा
ते फक्त शिव्यांवरून कळावं.
दोन मिनिटं उरलेली, पाच गुणांनी मागे.
त्यानं आकडे ओरडले
आणि स्टिकनी भलत्याच बाजूला पळाला.
चेंडू उरला याच्यापाशी.
तेव्हाचा चेंडू म्हणजे भोपळाच, त्यात भिजलेला;
तो फेकावा कसा हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.
पाच यार्ड मागे सरकला, नियमच होता तसा,
आणि माडीवरच्या गवंड्याकडे वीट भिरकावावी
तसा कमरेतून फेकला.
रेषेपलीकडे टोबायस क्रेन्शॉ धडपडत होता.
खाली पडला असता तर चेंडू त्यांचा.
पडला नाही.

आमचा वार्ताहर त्या वेळी रेन्फ्रूच्या दुकानामागे
औषध घेत होता. दारूबंदीचे दिवस.
रात्री त्यानं लिहून दिलं:
स्टिकनीची फेक, स्टिकनीचा विजय.
मी वाचलं. दिव्याजवळ नेऊन पुन्हा वाचलं.
प्रतीत असेल तसं जुळवावं, एवढाच आमचा धर्म.
जुळवलं.
स्टिकनी. आठ अक्षरं, एकही डब्ल्यू नाही.

फेकींची नोंद तेव्हा कुणी ठेवत नसे.
सत्ताविसात संघ बुडाला,
जर्स्या गेल्या बंबवाल्यांकडे, फरशी पुसायला.
तो यंत्रावर राहिला. यंत्रानं हळूहळू कान नेले.
म्हणतात, घरी तो बायकोशी बोटांनी बोलायचा,
दोन बोटं म्हणजे मीठ,
मूठ म्हणजे दार लाव.
एक्कावन्नमध्ये गेला. दोन ओळी आल्या, बारीक टायपात.
त्याही मीच लावल्या.

पण एक राहिलं सांगायचं.
शेवटच्या सामन्यानंतरच्या सोमवारी
मी तळघरात एकटी थांबले होते.
पेटीतला एम उचलला, डोक्यावर उभा केला,
आणि पूर्ण नाव लावलं, सर्वांत मोठ्या टायपात,
पुरात आणि युद्धात मथळ्याला वापरतो त्या.
एकच प्रत काढली.
शाई ओली असतानाच
कारखान्याच्या फाटकाशी त्याच्या हातात दिली.

बराच वेळ पाहिलं त्यानं.
मग काळं बोट टेकवलं शेवटाकडे.
“हा डब्ल्यू नव्हे. एम आहे, उलटा.”

गावात दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.
रांगेत कोण कुणाच्या जागी उभा आहे
हे ओळखण्यातच तर त्याची सात वर्षं गेली होती.

हसला. पायरीवर बसला, डावा बूट काढला,
कागदाची नीट घडी घालून आत सारली.
टाचेतून एक खिळा वर आला होता.